लुकलुक म्हणजे हो

मी एक दिवा बोलतोय. एलईडीचा, साधा, पांढरा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोंबणारा. दिवा बोलतो म्हटलं की माणसं दचकतात. पण ज्या घरात मी होतो तिथे माझ्याशी रोज बोललं जायचं, माझ्याकडून उत्तरंसुद्धा घेतली जायची. खरं तर त्या सगळ्या दिवसांत मी एक अक्षर बोललो नव्हतो. म्हणून आता बोलतोय.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही ओळीने पुढे जायचो आणि भिंगाला डोळा लावून बसलेली एक बाई आमच्या पोटात पिवळे ठिपके बसवायची. डोक्यावर दुधी टोपी चढली की आम्हाला एका मांडणीवर पेटतं ठेवून द्यायचे. जे लुकलुकले ते टोपलीत. मी लुकलुकलो नाही. शेजारचे दोघं टोपलीत गेले तेव्हा मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडा तोराही आला.

मला घरी आणलं ते आईने. घरात माणसं तीन. बाबा, आई आणि त्यांची एकुलती एक लेक. बाबा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायचे आणि आता निवृत्त होऊन घरी होते. आई लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. उसवलेली शिवण, फाटका खिसा, तुटलेली चेन, असलं सगळं. लेक एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन लावायचा, आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगायचं, हे तिचं काम.

माझ्याआधी तिथे एक ट्यूब होती. ती गुणगुणायची फार आणि उजेड द्यायची कमी.

"अहो, सुईचं नाक दिसत नाही मला," आई म्हणाली होती.

"डोळे तपासून घे."

"डोळे तपासले तर चष्मा बदलेल. अंधार थोडाच बदलणार आहे!"

शेवटी तीच जाऊन मला घेऊन आली. बाबा खुर्चीवर चढून मला लावत होते आणि ती खाली खुर्ची धरून उभी होती. "सोड गं, पडत नाही मी," बाबा म्हणाले. "तुमचं कोण विचारतंय? खुर्ची नवी आहे," ती म्हणाली. माझ्या उजेडात मी पाहिलेलं पहिलं हसू ते.

माझं बटणही तिने हौसेने निवडलं होतं. लाल ठिपका असलेलं, अंधारात सापडावं म्हणून. पण त्यामुळे एक गंमत झाली. बटण बंद केलं तरी मी पुरता विझेना. पोटात अगदी अंधूक, राखेखालच्या निखाऱ्याएवढा उजेड राहायचा. आई घाबरली. बाबांनी समजावलं, "त्या लाल ठिपक्यातून चिमूटभर करंट झिरपतो, तेवढ्यावर हा धुगधुगतो. बदलू का बटण?"

"राहू द्या," ती म्हणाली. "घरात एकाने तरी अर्धा डोळा उघडा ठेवून झोपावं."

त्यामुळे मला सगळं दिसत राहिलं. मला माझ्याच उजेडात दिसतं, आणि मी कधी पुरता मिटतच नव्हतो.

आईची माझ्याखाली बसायची जागा ठरलेली होती. दातात दोरा, मांडीवर कुणाचा तरी कोट, आणि तोंडाने त्या कोटवाल्याची हजेरी. "ह्या माणसाच्या खिशाला नेहमी डावीकडेच भोक कसं पडतं? काय ठेवतो काय हा, विंचू?" बाबा समोर पेपर वाचत नुसते हं हं करायचे. माझं आयुष्य असं सुरळीत चाललं होतं.

मग एका सकाळी भाजी चिरता चिरता आईला धाप लागली. सुरी टेबलावर ठेवून ती म्हणाली, "जरा बसते." लेकीने तिला धरलं, बाबांनी गाडी बोलावली आणि तिघं गेली. चिरलेली भाजी तशीच राहिली. ती सुकली, काळी पडली, तरी स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकलं नाही. मी अर्ध्या डोळ्याने तिच्याकडे बघत राहिलो.

परत आली ती दोघं. लेकीच्या हातात आईची पिशवी होती.

घर बदललं नाही. फक्त आवाज कमी झाले. लेक कामावर जायला लागली आणि बाबा दिवसभर माझ्याखाली बसू लागले. त्यांचं हृदय आधीपासून जरा कमजोर होतं. डॉक्टरांनी रोज संध्याकाळची एक गोळी लावून दिली होती. ती घ्यायची आठवण आई करायची. आता लेक सकाळी निघताना गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवून जायची.

मी पहिल्यांदा लुकलुकलो त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. त्यांचा कोट चेन बसवायला आईकडे पडून होता. बाबांनी कपाटातून काढून तो टेबलावर ठेवला. अर्धी चेन बसवलेली, अर्धी टाचणीवर. काकूंनी हात लावला मात्र, आणि मी मंदावलो. एकदम घेरी यावी तसं झालं, मग थरथरलो, मग पुन्हा नीट झालो.

"अगं बाई!" काकू कोट सोडून दोन पावलं मागे सरल्या. "भाऊ, वहिनीच आल्यात हो! अर्धं काम त्यांना कधी टाकवलंय का?" मग वर बघून हात जोडत म्हणाल्या, "वहिनी, चेन राहिली तर राहिली. मी बटणं लावून घेईन. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

बाबांनी कोटाची घडी करून ती काकूंच्या हातात दिली. काकू गेल्यावर मात्र ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं अशा आवाजात म्हणाले, "आहेस का गं?"

मी स्थिर होतो. ते वाट बघत राहिले. बाहेर उजेड संपला. आणि मग पुन्हा मला ती घेरी आली.

बाबांनी डोळे मिटले. "बरं," ते म्हणाले. "बरं."

आता काय घडत होतं ते सांगतो, कारण मला तेव्हाच कळत होतं. बटणाच्या बोर्डामागे एक तार आहे. आम्हा सगळ्यांकडून करंट परत नेणारी, तिला न्यूट्रल म्हणतात. माझी आणि फ्रिजची ती तार एकच. तिचा स्क्रू सैल झाला होता. फ्रिजची मोटर सुरू होताना मोठा घोट घेते. तार घट्ट असती तर मला पत्ताही लागला नसता. पण सैल तारेतून दोघांचं भागेना. मोटर उठली की माझ्या तोंडचा घास जायचा आणि मी मंदावायचो. एवढंच. आणि दर वेळी त्या स्क्रूपाशी एक बारीक ठिणगी उडायची. ती जागा तापत होती. तारेवरचं प्लास्टिक मऊ होत होतं.

हे मला सांगायचं होतं. पण माझ्याजवळ शब्द एकच, लुकलुक. मी 'आग' म्हणत होतो आणि खाली बसलेला माणूस 'हो' ऐकत होता.

हळूहळू त्या घरात रीतच पडली. लुकलुक म्हणजे हो, स्थिर म्हणजे नाही. सुरुवातीला प्रश्न साधे होते. "चहा टाकू का अजून एक?" "तुझं शिवणाचं मशीन विकायचं नाही ना?" मग ते गप्पा मारू लागले. आई असताना नुसतं हं हं करणारा हा माणूस, ती गेल्यावर बोलका झाला होता. मला भरून यायचं आणि भीतीही वाटायची. माझ्या तोंडून कुणी दुसरंच बोलत होतं.

लेकीच्या हे लक्षात आलं नाही असं कसं होईल? पण तिला आधी दिसला तो नुसता दिवा. "बाबा, हा बल्ब गेलाय वाटतं." तिने मला काढलं, आपल्या खोलीत लावलं आणि तिथला माझ्या जागी. तिच्या खोलीत मी शांत तेवलो. इकडे माझ्या जागी आलेला तो बिचारा त्याच संध्याकाळी लुकलुकायला लागला. "म्हणजे दिवा चांगला आहे, वायरिंगमध्येच काहीतरी आहे," ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. "वायरमन पाठवाल का?" मला इतका आनंद झाला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर बाबांनी मला पुन्हा माझ्या जागी आणून लावलं. वायरमन आला तेव्हा त्याला दारातूनच म्हणाले, "चुकून फोन गेला. सगळं ठीक आहे." माझ्याखाली येऊन बसले आणि वर बघून ओशाळं हसले. त्या हसण्याने माझ्या अंगावर काटा आला असता, अंग असतं तर.

संध्याकाळी लेकीला ते कळलं. ती काही बोलायला गेली, पण दारातच थांबली. बाबा माझ्याशी बोलत होते. काहीतरी जुन्या घरातल्या नळाबद्दल, आईला ठाऊक असलेलं. ती तशीच पाऊल न वाजवता परत फिरली. वायरमनचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. आई आहे असं बाबांना वाटतंय तर वाटू दे, असं तिच्या मनात आलं असणार.

मग प्रश्न बदलले.

"आज गोळी राहू दे ना?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं. मी लुकलुकलो. त्यांनी गोळी पट्टीतून काढली आणि मोरीत टाकली. पुढच्या संध्याकाळी तेच. दर वेळी प्रश्न संपायचा आणि मोटर उठायची. मी जिवाच्या आकांताने स्थिर राहायला बघायचो. पण करंटच नाही तर दिवा काय करणार? मला माझीच शिसारी आली. त्या शेडमधल्या टोपलीत गेलो असतो तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

बाबांचे पाय सुजायला लागले. जिना चढून आले की ते भिंत धरून उभे राहायचे. लेक म्हणाली, "गोळी घेताय ना?" ते म्हणाले, "पट्टी बघ की." पट्टीतली त्या दिवसाची गोळी काढलेलीच असायची.

एक दिवस मोरी तुंबली. लेकीने जाळी उचलली तर खाली पांढरा चिकट लगदा. तिने तो बोटावर घेऊन पाहिला, हात धुतला, आणि चेहऱ्यावर काही दिसू न देता कामाला निघून गेली.

त्या दिवशी ती लवकर परतली. किल्लीने दार इतकं हळू उघडलं की बाबांना ऐकू आलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी राहिली. मी तिला बघत होतो. ती बाबांना बघत होती.

बाबा उठले. फ्रिज उघडून त्यांनी पाण्याची बाटली काढली. दार बोटभर उघडंच ठेवलं. बाटली टेबलावर ठेवली, पाणी प्यायले नाहीत. खुर्चीवर बसून त्यांनी मान किंचित तिरकी केली, डोळे अर्धे मिटले आणि ऐकू लागले. बराच वेळ. मग, ऐन क्षणी, भरभर बोलले, "आजही नको ना गोळी? असंच चालू दे. म्हणजे लवकर भेटू. हो ना?"

फ्रिजमध्ये टक् झालं. मोटर उठली. मी मंदावलो.

"बरं," बाबा समाधानाने म्हणाले.

लेक पुढे आली, तिने फ्रिजचं दार लावलं आणि आईची खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसली.

"अगं, कधी आलीस तू?"

"बाबा, आमच्याकडे तपासायला माणसं येतात ना, त्यांतली काही आवाज यायच्या आधीच बटण दाबतात. अंदाजाने. त्यांना वाटतं मला कळत नाही. पण त्यांची मान अशी तिरकी असते." तिने करून दाखवलं. "तुम्ही आत्ता तसे बसला होतात."

बाबांनी मान सरळ केली.

"मला वाटलं, तुम्हाला खरंच आई आल्यासारखं वाटतंय. म्हणून मी गप्प बसले. आणि तुम्ही तर फ्रिजची वाट बघता!"

"इतकी वर्षं मोटरी दुरुस्त केल्या मी," बाबा म्हणाले. "मोटर उठताना दिवा का दबतो, ते मला कळणार नाही? काकू जिना चढून घरी पोचल्या नसतील, तेवढ्यात कळलं होतं मला."

"मग?"

"मग काय गं? कळलं म्हणून विचारावंसं वाटणं थांबतं का?" त्यांनी बाटलीवरचं पाणी बोटाने पुसलं. "'हो' हवं असलं की फ्रिजचं दार उघडं ठेवायचो, गारवा गेला की मोटर उठतेच. 'नाही' हवं असलं की मोटर चालू असताना विचारायचो. ते सोपं होतं."

"म्हणजे गोळीला 'हो' आई म्हणाली नाही."

त्यांनी बाटली बाजूला सरकवली. "नाही," मग म्हणाले. "मीच म्हणालो."

मी इतके दिवस स्वतःला गुन्हेगार समजत होतो. नेमक्या वेळी मोटर उठवणारं एखादं भूत आहे की काय, असंही वाटायचं. भूत खुर्चीवर बसलेलं होतं, सुजलेल्या पायांचं, आणि त्याला सगळं ठाऊक होतं.

लेक रडली नाही. नाक ओढत म्हणाली, "बाबा, वास कसला येतोय?"

बाबांनी मान वर केली. उठून बोर्डाजवळ गेले. बोर्डाची पाटी एका बाजूने बदामी झाली होती. त्यांनी उलटा हात जवळ नेला आणि झटक्याने मागे घेतला. त्याच क्षणी त्यांचा चेहरा बदलला. निवृत्त, थकलेला माणूस गेला आणि कुणी दुसराच आला.

"मेन बंद कर. आधी मेन! पळ!" आणि ती पळाली तसे ते तिच्या मागून ओरडले, "ह्या भिंतीला तर पलीकडून तुझा पलंग आहे गं! तुझा पलंग आहे!"

मग मी विझलो. पुरता. लाल ठिपकाही गेला. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीच दिसेना, नुसतं ऐकू येत होतं.

हत्यारांची पेटी सरकल्याचा आवाज. "मोबाइलचा उजेड इकडे धर. हात हलवू नकोस." "तुमचेच हात हलतायत बाबा." "मग तू फिरव स्क्रू. डावीकडे. अगं, तुझं डावीकडे!" पाटी निघाली. मग बाबा म्हणाले, "बघ. कोळसा झालाय नुसता. मला माझ्यापुरतंच दिसत होतं."

"कापू?"

"इथून काप. आता सोल. तांबं चमकलं पाहिजे. हं. हा पेटीतला नवा सॉकेट घे, तार त्यात घाल आणि आवळ. अजून. पुरे म्हणेपर्यंत आवळ."

स्क्रू कुरकुरला. आणि त्या कुरकुरीतच बाबांनी विचारलं, "शेवटी तिला फार त्रास झाला का गं? मी नेमका कपडे बदलायला घरी आलो होतो."

मी ओळखलं. हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. मोटर चालू असतानाही नाही.

स्क्रू फिरायचा थांबला. "हो बाबा. झाला. अगदी शेवटी नाही. पण त्याआधी बराच झाला."

"काही म्हणाली?"

"तुम्ही कुठे आहात विचारलं. म्हटलं, येतायत. तर म्हणाली, त्यांना सांग घाई करू नका. लिफ्ट सोडून जिन्याने पळत येतील आणि धाप लागून बसतील."

कुणीतरी हसलं. किंवा रडलं असेल. अंधारात मला तो आवाज ओळखता आला नाही, आणि दोघांपैकी कुणाचा होता तेही कळलं नाही. बराच वेळ तेवढाच आवाज होता.

मेन चालू झाला आणि मला दिसू लागलं. फरशीवर दोघं शेजारी शेजारी बसली होती, काळ्या हातांची. फ्रिजमध्ये टक् झालं. मोटर उठली. मी तसूभरही हललो नाही. बाबा वर बघत होते. मोटर एका लयीत घरघरू लागेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "गोळी दे."

त्यानंतरचं आयुष्य काही फार सांगण्यासारखं नाही. लेक संध्याकाळी घरी आली की आधी त्यांच्याशी भांडायची, मग जेवण करायची. बाबांच्या पायांची सूज उतरली. वरच्या काकू एकदा आल्या आणि बराच वेळ माझ्याकडे आशेने बघून म्हणाल्या, "भाऊ, वहिनी येत नाहीत का हो आता?"

"नाही," बाबा म्हणाले. "स्क्रू घट्ट केला."

पण सगळं विसरल्यासारखं झालं असंही समजू नका. कधी मोटर उठायच्या वेळी त्यांची मान आपोआप तिरकी व्हायची. मग ते उठून पाणी प्यायचे.

त्या धक्क्यांनी माझं पोट मात्र खराब झालं होतं. तार बरी झाली, मी झालो नाही. उजेड पिवळट पडत गेला. एका सकाळी मी स्वतःहूनच थरथरायला लागलो. फ्रिज बंद होता, बोर्ड थंड होता. बाबांनी दोन्हीकडे हात लावून खात्री केली. "आता हा खरंच गेला," ते म्हणाले. कुणाला हाक न मारता खुर्चीवर चढले, फडक्यात धरून मला फिरवलं आणि खाली काढलं.

आता मी खिडकीजवळच्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. सोबत संपलेले सेल आणि लेकीचा एक तुटका हेडफोन आहे. भंगारवाला येईल तेव्हा आम्ही सगळे जाऊ. ज्या टोपलीची मला जन्मभर भीती होती, तिच्यात शेवटी आलोच. ती तितकीशी वाईट नाही. इथे कुणी काही विचारत नाही.

तुमच्या घरात दिवा मंदावत असेल तर एवढं ऐका. तो दुसऱ्या जागी लावून बघा. तिथे शांत राहिला तर दोष त्याचा नाही. काय सुरू झाल्यावर तो दबतो ते बघा. बोर्ड तापलाय का, जळका वास येतोय का बघा, आणि येत असेल तर आधी मेन बंद करा, मग जाणत्याला बोलावा. त्याला दारातून परत पाठवू नका. आणि खाली कुणी एकटं बसून वर बघत बोलत असेल, तर त्याची समजूत खरी की खोटी ह्यात पडू नका. तो काय विचारतोय ते मात्र कान देऊन ऐका.

माणसं घरातून निघताना 'येतो' म्हणतात. मला तसं म्हणता येणार नाही. दिवा गेला की गेलाच. आतून टेबलावर ताटं मांडल्याचा आवाज येतोय. माझ्या जागी आता कोण आहे ते मला इथून दिसत नाही. पण त्याचा उजेड दारातून माझ्या टोपीवर पडलाय, आणि मघापासून तो हललेला नाही.